माजी या चाय: अरुशाजवळचे आठ दिवस

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. लहानपणी एवढंच माहीत होतं की लाल रंग मारलेल्या हापशीचं पाणी प्यायचं नाही, पण तीच हापशी घराजवळ म्हणून सगळे तेच प्यायचे, आणि वर्गातल्या कितीतरी पोरींच्या दातांवर तपकिरी पट्टे. मग कधीतरी शाळेत फ्लोराइड काढायचा फिल्टर बसला, आत ॲल्युमिनाचे पांढरे दाणे, नारळ फुटला, फोटो झाले. ते दाणे काही महिन्यांनी संपतात, म्हणजे दिसायला तसेच राहतात पण काम करायचं थांबतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पुढची दोन वर्षं आम्ही तेच पाणी शुद्ध समजून पोटभर प्यायलो.

आता मी पुण्यात मेकॅनिकल शिकवते. आमची चार मुलं आणि टांझानियात अरुशाजवळची पाच मुलं सहा महिने व्हिडिओ कॉलवर मिळून घरगुती फिल्टरचं डिझाइन करत होती, आणि शेवटी ऑगस्टमध्ये तिकडे जायचं ठरलं. रोज रात्री जे खरडलं ते इथे टाकतेय.

पहिला दिवस, १ ऑगस्ट

मुंबई, अदिस अबाबा, किलिमंजारो. विमानतळावर आमच्या टेस्ट किटमधल्या बाटल्यांवरून अर्धा तास चौकशी झाली, शेवटी एका मुलाने तिथेच नळाचं पाणी घेऊन टेस्ट करून दाखवली, रंग बदलला तसा अधिकारी हसला आणि जा म्हणाला. बाहेर पडलो तर थंडी! आफ्रिका म्हणजे ऊन म्हणून मुलांनी स्वेटरच आणले नव्हते. अरुशा साधारण १४०० मीटरवर, वर ४५०० मीटरच्या पुढे गेलेला माउंट मेरू, आणि जुलै-ऑगस्ट हा इथला थंडीचा मोसम.

शहरात शिरलो आणि समोर आपली रिक्षा. तिला इथे नावच बजाजी. आकुर्डीच्या कंपनीचं नाव इथे वाहनाचंच नाव होऊन बसलंय. गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, हिशोबाला हेसाबू, विम्याला बीमा. आमचा कोल्हापूरचा पोरगा पाट्या वाचून वाचून थकेना. फक्त मामा म्हणजे आई किंवा कुठलीही मोठी बाई, आणि बीबी म्हणजे आजी, हे पचायला त्याला दोन दिवस लागले.

दुसरा दिवस

सकाळीच गोंधळ. वेल्डिंग करणारे फुंडी, म्हणजे कारागीर, सा म्बिलीला येतो म्हणाले होते, म्बिली म्हणजे दोन, म्हणून आम्ही दुपारी दोनला वर्कशॉपवर गेलो. फुंडी सकाळी आठपासून वाट बघून निघून गेलेले. इथे तास मोजतात ते दिवस उगवल्यापासून, सकाळी सातला एक वाजतो आणि आठला दोन. माझा आजा असाच दिवस वर आला की घटका मोजायचा, मला लगेच पटलं, पण अर्धा दिवस गेला त्याचं वाईट वाटलं. फोन करून माफी मागितली तर म्हणाले हाकुना शिदा, काही हरकत नाही, आणि बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, परत आले.

फुंडी साठीचे आहेत. इथे मोठ्या माणसाला शिकामू म्हणायचं आणि त्यांनी मराहाबा म्हणायचं. शिकामूचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते असा सांगतात. म्हणजे आपलं पाया पडते हेच की. मी म्हणाले तेव्हा ते खूप खूश झाले, आणि मग वर्कशॉप दाखवताना थांबेचनात. सायकलच्या मागच्या चाकावर चालणारं मक्याचे दाणे सोलायचं यंत्र, पायडलवर फिरणारं ड्रिल मशीन. या गावात अशा कामाला मोठी परंपरा आहे. बर्नार्ड किविया नावाचा सायकल मेकॅनिक इथलाच, त्याने सायकलचे सुटे भाग वापरून कितीतरी यंत्रं केली, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या डी-लॅबच्या लोकांबरोबर काम केलं, आणि मग अरुशातच ट्वेंडे नावाची जागा उभी राहिली जिथे कोणीही जाऊन हातोडी-करवत घेऊन स्वतःची वस्तू बनवायला शिकू शकतं. ट्वेंडे म्हणजे चला. मला पाबळच्या विज्ञान आश्रमाचीच आठवण झाली. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथे हेच सुरू केलं, हाताने करता करता शिकायचं. आणि इथे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की शिक्षण स्वावलंबनासाठी हवं. त्यांना सगळा देश अजून म्वालिमु म्हणतो, म्हणजे गुरुजी. मलाही मुलं म्वालिमु म्हणायला लागली तेव्हा जरा दडपणच आलं.

फुंडींनी आमचं डिझाइन लॅपटॉपवर बघितलं. ॲल्युमिनियमचा लेझर कट केलेला स्टँड, त्यावर दोन बादल्या. बराच वेळ गप्प राहिले आणि एवढंच विचारलं, हे वाकलं तर कोण सरळ करणार? संध्याकाळपर्यंत स्टँड लोखंडी अँगलचा झाला.

तिसरा दिवस

आज माजी या चाय. अरुशाहून मोशीच्या रस्त्यावर उसा रिव्हरच्या पुढे हे गाव आहे. माजी म्हणजे पाणी, चाय म्हणजे चहाच. चहाचं पाणी. तिथली नदीच चहाच्या रंगाची. मेरू हा ज्वालामुखी, त्या खडकातून पाणी झिरपतं ते फ्लोराइड घेऊनच येतं. इथे आलं की कोणाला काही विचारायची गरज नाही, माणूस हसला की कळतं. पहिल्याच घरात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी हसली आणि पटकन तोंडावर हात धरला, आणि मला माझी शाळाच दिसली.

नऊ ठिकाणचं पाणी घेतलं. किटमधला लालसर गुलाबी रंग फ्लोराइड जास्त असेल तसा पिवळा पडत जातो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे तर १ च्या आत असावं असं म्हणतात, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. इथल्या सार्वजनिक नळाला ५ च्या आसपास आलं. एका झऱ्याचं पाणी टाकल्याबरोबर पिवळंधमक झालं, पट्टीवरचा शेवटचा रंगही त्याच्यापुढे कमी. त्याच झऱ्यावर दोन पोरं ओंजळीने पीत होती. आमच्यातली एक मुलगी उठून बाजूला जाऊन उभी राहिली, तिला बघवेना.

ज्या घरी फिल्टर बसवायचा त्या बीबींना मी विचारलं की पाणी उकळता का, तर त्या अभिमानाने म्हणाल्या रोज उकळते. जुलाबासाठी ते चांगलंच आहे, पण फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी घट्ट होतं. हे सांगायची वेळ आली की माझा आवाज निघत नाही, कारण समोरच्या बाईने पोरांसाठी सरपण जाळून रोज ते केलेलं असतं. आमच्याबरोबरची मोशीची विद्यार्थिनी फार शांतपणे बोलली. उकळणं सोडू नका बीबी, फक्त आधी हे पाणी गाळू आणि मग उकळू, असं म्हणाली. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

अजून एक. दात आतल्या आत तयार होत असतात तेव्हाच फ्लोराइड त्यांचं नुकसान करतं, म्हणजे पहिली सात-आठ वर्षं. एकदा डाग पडले की पाणी बदलून जात नाहीत. म्हणून गाळलेलं पाणी कमी असेल तर पहिलं हक्काचं सगळ्यात लहान पोराचं. मोठ्यांनाही ते हवंच, वर्षानुवर्षं जास्त प्यायलं तर हाडं आखडतात. आंघोळीला, धुण्याला मात्र नळाचं चालतं.

चौथा दिवस

सकाळी न्गुर्डोटो. तिथे पाण्यातलं फ्लोराइड काढायचं संशोधन केंद्र आहे. आणि तिथे नागपूर भेटलं! नागपूरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, सत्तरच्या दशकात नलगोंडा पद्धत काढली, तुरटी आणि चुना पाण्यात ढवळायचा, गठुळ्या होऊन खाली बसतात आणि फ्लोराइड घेऊन जातात. ती पद्धत इथे न्गुर्डोटोला बादलीत करून बघितली गेली. माझ्या गावापासून नागपूर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि मी तिचं नाव इथे येऊन इतक्या आपुलकीने ऐकतेय. पण रोज तुरटी मोजायची, ढवळायचं, गाळ टाकायचा, हे घरात कंटाळवाणं होतं, म्हणून इथे जास्त भर हाडांच्या कोळशावर.

हाडाचा कोळसा म्हणजे असं. गुरांची हाडं बंद ड्रममध्ये कमी हवेत भाजायची. मांस-चरबी जळून जाते आणि उरतो तो हाडाचा खनिज भाग, त्याला फ्लोराइड चिकटून बसतं. जे फ्लोराइड आपल्या हाडात जाऊन बसतं तेच इथे गाईच्या हाडात आधीच अडकवून टाकायचं. इतकी साधी गोष्ट आहे.

दुपारी तेंगेरूला नेल्सन मंडेला संस्थेत जाऊन आलो. तिथले अस्क्वार हिलोंगा यांनी वाळू आणि नॅनो मटेरियल मिळून फिल्टर केला, ज्या गावात जी घाण पाण्यात असेल तिच्याप्रमाणे आतलं मटेरियल बदलतात. २०१५ साली इंजिनिअरिंगमधलं पहिलं आफ्रिका प्राइझ त्यांना मिळालं. आमची टांझानियन मुलं त्यांचं नाव अशी घेतात जशी आपली पोरं क्रिकेटरचं घेतात, आणि मला ते फार आवडलं.

येताना आमच्या फिल्टरसाठी खाटकाकडून तीन पोती हाडं घेतली. आमच्यातला एक मुलगा जैन आहे, त्याने पोत्याला हात लावला नाही, पण रात्रभर ड्रमजवळ बसून तापमान तोच लिहीत होता. कोणी त्याला काही बोललं नाही. इथल्या एका मुस्लिम मुलाने खाटकाला आधीच विचारून घेतलं होतं की जनावर कुठलं आणि कापलं कसं, म्हणाला उद्या माझी आईच मला हे विचारेल. मला वाटतं डिझाइनच्या पहिल्या पानावर हा प्रश्न असायला पाहिजे होता, तो मी लिहायला विसरले होते.

पाचवा दिवस, शनिवार

ड्रम उघडला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. हाडं पांढरीशुभ्र. झाकणाच्या फटीतून हवा आत गेली आणि तापमान रात्री ७०० च्या वर चढलं, आम्हाला हवं होतं साडेचारशे-पाचशे. पांढरं झालेलं हाड म्हणजे नुसती राख, फ्लोराइड धरायची ताकद बरीचशी गेलेली. काळं-करडं राहायला पाहिजे. जैन मुलाने पहाटे तीनला आकडा बघून सगळ्यांना उठवलं होतं पण तोवर उशीर झाला होता. तीन पोती वाया.

फुंडी आले, झाकणाची कड बघितली, बाजूची माती घेतली, त्यात राख आणि पाणी, मळली आणि कडेने लिंपली. आपल्याकडे चूल लिंपतात तशीच. आणखी हाडं आणून दुसरी भट्टी दुपारी लावली.

ती चालू असताना तेंगेरूच्या बाजारात गेलो, बुधवार-शनिवार भरतो. केळी किती प्रकारची, ढिगाने पसरलेली, आणि किटेंगे कापडाच्या रंगांनी डोळे भरून जातात. पिशवी स्वतःची न्यावी लागते, २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत आणि लोक खरंच पाळतात. एका कोपऱ्यात बायका मक्याच्या बिट्यांच्या कोळशाच्या कांड्या विकत होत्या. ड्रमला तळाशी भोकं पाडून तीन दगडांवर ठेवायचा, बिट्या भरून पेटवायच्या, पांढरा धूर विरळ झाला की झाकून वाळूने बंद करायचं, गार झालं की कुटायचं आणि कसाव्याच्या खळीत मळून दाबायचं. आपल्याकडे फलटणला डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटाचा असाच कोळसा केला, त्याला २००२ साली ॲशडेन अवॉर्ड मिळालं, आणि पुढे आरतीचं काम दार एस सलामपर्यंत पोचलं. मी त्या बाईंना मोडक्या स्वाहिलीत सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी माझ्या हातात एक कांडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

सहावा दिवस, रविवार

सकाळी सगळा गाव चर्चला. आम्ही ड्रम उघडला. काळा! मोशीची मुलगी नाचलीच. कुटला, चाळला, धुतला, परत धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत किती वेळा धुतला मोजलं नाही. वास येतो सुरुवातीला, तो गेल्याशिवाय कोणी पिणार नाही.

मग भांडण. खरं भांडण. कोळसा कधी बदलायचा हे घरात कसं कळणार? माझा सगळा जीव याच प्रश्नात अडकलेला. हिशोब मुलांनी केला होता. कोळसा ८ किलो. एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो असं धरलं तर एकूण १६ ग्रॅम. पाण्यात ५, ते १ वर आणायचं म्हणजे लिटरला ४ मिलिग्रॅम काढायचे. म्हणजे ४००० लिटर. २० लिटरच्या २०० बादल्या. दिवसाला दोन बादल्या म्हणजे शंभर दिवस.

आमच्या मुलांनी यासाठी सर्किट आणलं होतं, बादली ओतली की फ्लोट वर येतो, आकडा एकने वाढतो, २०० झाले की लाल दिवा. छान चालत होतं, मुलाने दोन महिने त्याच्यावर घालवलेत. फुंडींनी विचारलं सेल किती दिवस जातो, तो म्हणाला चार महिने. आणि ओलं झालं तर? तो गप्प. मग मोठी चर्चा, वहीत रेघ मारायची का, तर बीबींना सकाळी अंधारात पेन्सिल कुठे सापडणार. मक्याचे दाणे टाकायचे का, तर कोंबड्या खातील. मोशीच्या मुलीची आई दुकान चालवते, तिला एकदम सुचलं, सोड्याच्या काचेच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं. दुकानात पोतंभर पडलेली असतात. २०० बुचं मोजून एका डब्यात भरून द्यायची, बादली ओतली की एक बूच उचलून दुसऱ्या डब्यात. पहिला डबा रिकामा झाला की कोळसा बदलायचा.

सगळे शांत झाले. सर्किटवाला पोरगा थोडा वेळ बाहेर जाऊन बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, समजावायला काही नव्हतं माझ्याकडे. पंधरा मिनिटांनी उठून तोच बुचं मोजायला बसला, आणि म्हणाला मॅडम वीस बुचं लाल रंगवूया, ती सगळ्यात खाली ठेवू, लाल दिसायला लागली की दहा दिवस उरले, तेवढ्यात नवीन कोळसा आणता येईल. संध्याकाळी बीबींच्या घरी स्टँड लावला. पहिल्या काही बादल्या फेकल्या आणि मग पहिलं बूच त्यांच्या नातीने टाकलं, तीच तोंडावर हात धरणारी.

सातवा दिवस

गाळलेलं पाणी तपासलं, १ च्या खाली. पण मुलांना चैन कुठे. मोशीच्या मुलीने बीबींच्या चुलीजवळ बसून विचारलं की बीन्स लवकर शिजायला काय टाकता, तर मगाडी. हा तळ्याकाठचा खार, आपल्या पापडखारासारखा, आणि त्यातही फ्लोराइड भरपूर असतं. म्हणजे पाणी गाळायचं आणि भांड्यात परत फ्लोराइड टाकायचं! बीन्स रात्री भिजत घातले तर मगाडीशिवाय शिजतात असं ठरलं. आम्ही कडधान्यं भिजवतोच की, मी माझ्या घरची पद्धत सांगितली, भिजवून मोड आणायची, तर मोड आलेले बीन्स बघून बीबी म्हणाल्या की हे तर पेरायला झाले. रात्री उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि मगाडीशिवायचे बीन्स जेवलो. किंचित कडक होते. चांगले होते.

आठवा दिवस, ८ ऑगस्ट

नाने नाने, म्हणजे आठ-आठ, शेतकऱ्यांचा दिवस, सुट्टी असते. अरुशात थेमीच्या मैदानावर मोठं प्रदर्शन, ट्रॅक्टर, गाई, मळणी यंत्रं, कॉलेजांचे स्टॉल. आमच्या मुलांनी एका कडेला फिल्टर मांडला. लोक यायचे, पाणी प्यायचे, आणि सगळ्यात आधी विचारायचे डब्यातल्या बुचांबद्दल. एका शेतकऱ्याने विचारलं वापरलेल्या कोळशाचं काय करायचं. याचं उत्तर आमच्याकडे पूर्ण नव्हतं, विहिरीपासून लांब पुरायचा एवढंच सांगू शकलो, भाजून परत वापरता येतो का ते मुलं आता बघणार आहेत.

संध्याकाळी विमानतळाकडे जाताना माजी या चायला दहा मिनिटं थांबलो, रस्त्यातच आहे. बीबी शेजारणीकडे गेलेल्या. नातीने दुसरा डबा हलवून दाखवला, आत पाच बुचं. रविवारी एक, सोमवारी दोन, आज दोन. बरोबर.

गाडीत बसल्यावर भावाला गावी फोन लावला. त्याला म्हटलं शाळेतला तो फिल्टर अजून आहे का, तर म्हणाला आहे की, स्टोअररूममध्ये, वर बाकडी ठेवलीत. म्हटलं बाकडी काढ, मी पंधरा तारखेला झेंडावंदनाला येते, नवीन ॲल्युमिना घेऊन. आणि तोवर एसटी स्टँडवरच्या टपरीत सांगून ठेव, सोड्याची बुचं फेकू नका म्हणावं.